निविदेतली बाई

अमरावतीत आमचा गाद्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचं आपलं. खरं तर पत्र्याचं एक लांबट शेड, त्यात रुई पिंजायची एक मशीन, शिवणाच्या तीन मशिनी, टाके घालायला मोठा ओटा आणि सगळ्यांच्या केसांत बसलेला कापूस. वसतिगृहं, धर्मशाळा, लहान दवाखाने ही आमची गिऱ्हाइकं. अशी कामं निविदा भरून मिळतात, आणि निविदा भरणं हे ह्यांचं खातं. हे कचेरीजवळच्या टायपिंगवाल्याकडे जाऊन बसायचे आणि जेवायच्या वेळेला परत यायचे. त्यातला कागद कधी घरात पसरला नाही आणि मीही कधी विचारलं नाही. मला रुईतलं कळतं, कागदातलं कळत नाही, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं.

गेल्या वर्षी ह्यांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय काठीच्या आधारानं थोडा परत आला, आणि बोलणं गेलं. डोकं शाबूत आहे. ऐकलेलं समजतं, वाचलेलं समजतं, पण शब्द ओठापर्यंत येतात आणि तिथूनच माघारी फिरतात. 'हो', 'नाही', 'च्या' एवढं येतं. आणि एक 'सालं' येतं, ते मात्र पहिल्यासारखं खणखणीत. डॉक्टर म्हणाले, असं होतं, शिव्यांचा कप्पा वेगळा असतो. मी म्हटलं, चला, एक तरी कप्पा वाचला.

तरीही रोज सकाळी नऊला हे काठी टेकत शेडमध्ये जातात आणि दाराजवळच्या खुर्चीत बसतात. मशीनवर आमचे चाचा असतात, पिढीजात पिंजारी, ह्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. दोघं एकमेकांकडे बघून मान हलवतात आणि चाचा मशीन सुरू करतात. त्या आवाजात ह्यांचा चेहरा मोकळा होतो. घरी मी कितीही गोड बोलले तरी तो तसा होत नाही, हे मला मान्यच करावं लागतं.

या उन्हाळ्यात अकोल्याच्या एका शिक्षण संस्थेची निविदा निघाली. तीन वसतिगृहांच्या गाद्या आणि उशा. आमची बाकीची कामं ह्यांच्या आजारपणात एकेक करून हातची गेली होती. हे मिळालं तर शेड चालणार, नाही तर कुलूप. आमची लेक अकोल्याला कॉलेजात शिकवते. तिनं सरळ सांगितलं, की हे काम नाही मिळालं तर दिवाळीच्या आत शेड बंद करायचं आणि दोघांनी तिच्याकडे राहायला यायचं. खोली तयार आहे, दवाखाना जवळ आहे, सगळं बोलली ते प्रेमानंच बोलली. ह्यांना विचारलं तर हे भिंतीकडे तोंड करून झोपले. सकाळी नऊला उठून जायला जागाच उरली नाही, तर हा माणूस उठायचंच सोडून देईल, अशी मला भीती वाटली. ती भीती मी लेकीला सांगितली. ती म्हणाली, मग भर निविदा.

मी दहावी झालेली बाई. पण लेकीनं माझ्या मोबाइलवर ते एआय टाकून दिलं. म्हणाली, याच्याशी बोल, हा लिहितो. ह्यांची जुनी निविदांची जाडजूड फाइल होती, तिच्यातल्या एकूण एक कागदाचे फोटो काढून तिनं ते त्याला देऊन टाकले आणि रविवारच्या गाडीनं अकोल्याला निघून गेली. मागे उरलो मी आणि तो.

पहिल्यांदा मी त्याच्याशी बोलले ती शेडमध्ये, दुपारी, चाचा जेवायला गेले असताना. कोणी ऐकलं तर काय म्हणेल, असं वाटत होतं. त्यानं क्षणात दोन पानं लिहून दिली. 'आमची संस्था गुणवत्तेच्या सर्वोच्च मानकांशी कटिबद्ध असून अत्याधुनिक स्वयंचलित यंत्रसामग्रीने सुसज्ज आहे.' मी मान वळवून आमच्या यंत्रसामग्रीकडे बघितलं. तिच्यावर चाचांचा टॉवेल वाळत होता.

मग मी त्याला झापलं. म्हटलं, "आमच्याकडे पिंजाचं एकच मशीन हाय, ते बी चाचाच्या वयाचं. तू काहून खोटं लिहून राहिला?" त्यानं लगेच माफी मागितली आणि सगळं बदललं. इतक्या चटकन माफी मागणारं आमच्या घराण्यात कोणी झालं नाही, त्यामुळे मी जरा वितळलेच. वऱ्हाडीही त्याला बरीच कळत होती. पुढचे चार-पाच दिवस आमचं बरं जमलं. मी सांगायची, तो लिहायचा; तो फुगवायचा, मी टाचणी लावायची. खोळीचं कापड कोणतं, गादीत रुई किती किलो, टाके किती अंतरावर, सगळं झालं. रुईतलं मला कळत होतंच. कागदातलंही कळतंय की काय, अशी शंका यायला लागली.

राहिला एक मुद्दा. 'गुणवत्ता तपासणीची पद्धत व जबाबदार व्यक्ती.' मी त्याला म्हटलं, जुन्या कागदांत बघ, ह्यांनी काय लिहिलंय ते थोडक्यात सांग. त्यानं सांगितलं. तुमच्या जुन्या निविदांमध्ये सातत्यानं एका मुख्य परीक्षक महिलेचा उल्लेख आहे. त्यांचा अनुभव दर वर्षी एका वर्षानं वाढवून लिहिलेला आहे. हा तुमच्या संस्थेचा सर्वांत भक्कम मुद्दा दिसतो. त्यांचं नाव मात्र कुठेही दिलेलं नाही, नेमणूकपत्रही जोडलेलं नाही. त्या अजून कामावर असतील तर कृपया दोन्ही द्यावीत.

मी तिथंच ओट्यावर बसले. कोण ही बाई?

आमच्याकडे शिवणावर बाया येऊन गेल्या. एक वलगावहून यायची, तिची सून बाळंत झाली तशी बंद झाली. एक विधवा होती, हात चांगला होता, ह्यांना तिचं कौतुकही होतं. पन्नाशी उलटलेल्या बाईनं असा विचार करू नये, आणि ज्याचा उजवा हात चालत नाही अशा नवऱ्याबद्दल तर मुळीच करू नये. मी केला. दोन दिवस ह्यांच्या वरणात तूप घातलं नाही. हे माझ्याकडे बघायचे, वाटीकडे बघायचे आणि मुकाट्यानं जेवायचे.

तिसऱ्या दिवशी न राहवून चाचांना विचारलं, की आपल्याकडे कधी कोणी परीक्षक बाई नेमली होती काय. चाचा मशीन थांबवून म्हणाले, "असी कोनी बाई नाई, भाभी. तुमी हाय न, मंग दुसरी कायले लागते?" मी फक्त पहिलं वाक्य ऐकलं. मनात मोठा उजेड पडला. अशी बाई नव्हतीच. म्हणजे ह्यांनी कामं मिळवायला एक बाई कागदावर उभी केली होती आणि वर्षानुवर्षं तिचा अनुभव वाढवत नेला होता. संशय गेला आणि त्याच्या जागी संताप आला. मशिनीवरून मी त्या बिचाऱ्या मोबाइलला खोटारडा म्हटलं होतं आणि खरा खोटारडा घरात होता.

मूळ कागद उघडून वाचावा, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. फाइल कपाटात होती, चार पावलांवर. पण मोबाइलनं थोडक्यात सांगितलं होतं ना, मग कशाला? मी त्याला हुकूम दिला, ती बाई काढून टाक. त्यानं काढली. तिच्या जागी 'अनुभवी कर्मचाऱ्यांमार्फत तपासणी' असं काहीतरी आलं.

रविवारी लेक आली. निविदा ऑनलाइन चढवायच्या आधी सगळी वाचून बाबांना ऐकवू, असं ती म्हणाली. हे पलंगावर उशीला टेकून बसले. ती वाचत गेली, हे डोळे मिटून ऐकत होते, मधूनमधून 'हो' म्हणत होते. तपासणीचा मुद्दा आला. तिनं वाचला आणि पुढे गेली. ह्यांनी डोळे उघडले. "नाही," म्हणाले. तिनं पुन्हा वाचलं. "नाही, नाही." ह्यांनी डावा हात पलंगावर आपटला.

मी म्हटलं, हो, काढली मी ती तुमची बाई. आजवर चाललं ते चाललं, माझ्या हातून खोटं जाणार नाही.

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला आजही ते नीट सांगता येत नाही. मग "सालं" म्हणाले, काठी घेतली आणि उठले. आम्ही दोघी धरायला गेलो तर झटकलं. कपाटापर्यंत गेले, डाव्या हातानं ती फाइल ओढली, ती खाली पडली, कागद फरशीवर घसरले. हे भिंतीला धरून हळूहळू खालीच बसले आणि एकेक कागद बाजूला करत राहिले. मग एका पानावर बोट ठेवलं आणि ते पान माझ्याकडे सरकवलं. मी चष्मा लावला आणि वाचलं.

'प्रत्येक गादीचा एक कोपरा शिवायचा शिल्लक ठेवला जातो. संध्याकाळी आमच्या मुख्य परीक्षक त्या कोपऱ्यातून कोपरापर्यंत हात आत घालतात, मधली रुई मूठभर बाहेर काढून उजेडात पाहतात, आणि मन भरले तरच तो कोपरा स्वतः लाल दोऱ्याने शिवतात. आमच्या गादीवरील लाल टाके ही त्यांची सही समजावी. त्यांनी नापास केलेली गादी पास करण्याचा अधिकार मालकासही नाही.'

लाल दोरा माझा आहे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी भातकुलीचा एक माणूस लेकीच्या आंदणातली गादी परत घेऊन आला होता. आमच्या एका कामगारानं मधल्या थरात जुनी कुजकी रुई भरली होती. तो माणूस ओरडला नाही, नुसता उभा राहिला, आणि हे त्याच्यापुढे मान खाली घालून उभे होते. ते मला बघवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी दर गादीचा कोपरा उघडा ठेवायला लावला आणि हात घालून बघायला लागले. शिवायला त्या दिवशी डब्यात लालच दोरा होता, मग तोच पडला. एवढ्या वर्षांत हे कधी 'छान' म्हणाले नाहीत. मी गादी नापास केली की तोंड वाकडं करायचे आणि ती उसवायला घ्यायचे. मला वाटायचं, बायकोची कटकट म्हणून चालवून घेतात.

लेक दुसरे कागद वाचत होती. दर वर्षी तो मजकूर थोडा लांबलेला. अकरा वर्षांचा अनुभव, बारा, तेरा. नाव कुठेच नाही. मालकाची बायको असं लिहिलं तर लोक हसतील, असं ह्यांना वाटलं असावं. मग ती एका कागदावर थांबली आणि तिनं तो मोठ्यानं न वाचताच माझ्या हातात दिला. दवाखान्याला लिहिलेलं पत्र होतं. 'आमच्या मुख्य परीक्षकांची शस्त्रक्रिया झाल्याने त्या पंधरा दिवस हात उचलू शकत नाहीत. तोपर्यंत माल पाठविता येणार नाही. उशिराबद्दलचा दंड आम्हांस मान्य आहे.' माझं गर्भाशय काढलं त्या वर्षीची गोष्ट. मी पडल्या पडल्या ह्यांचा जीव खात होते, की दवाखान्याच्या गाद्या राहिल्या. हे म्हणाले होते, त्यांनीच तारीख पुढं ढकलली, तू पडून राहा.

साऱ्या वऱ्हाडातल्या कचेऱ्यांना ह्या माणसानं माझं कौतुक लेखी कळवून ठेवलं होतं. मला तेवढं सांगायचं राहिलं होतं. मी फरशीवर, त्या कागदांत, ह्यांच्या शेजारी बसले आणि रडले. ह्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. रात्री वरणात तूप जरा जास्तच पडलं.

नेमणूकपत्र अर्थातच नव्हतं. मोबाइलनं सुचवलं, की मालकाच्या सहीचं प्रतिज्ञापत्र चालेल, त्यासाठी मुख्य परीक्षकांची माहिती द्या. आणि तो मला विचारायला लागला. तुम्ही हे काम किती वर्षं करता? हात आत घातल्यावर नेमकं काय शोधता? जुनी रुई बोटांना कशी लागते? नवी कशी लागते? एखादी गादी नापास करताना काय वाटतं? जन्मात मला हे कोणी विचारलं नव्हतं. त्याला काही वाटून तो विचारत नव्हता, हे मला ठाऊक आहे. तरी मी सांगत सुटले. जुनी रुई थंड लागते, गोळा धरते. नवी बोटं सोडत नाही. सरकी राहिली असेल तर नखाला कळते. तो लिहीत गेला, आणि या वेळी मी टाचणी लावली नाही, कारण फुगवलेलं काही नव्हतंच.

लेकीनं ते पान छापून आणलं आणि सहीसाठी ह्यांच्यापुढे ठेवलं. त्यात मी सांगितलेलं एक वाक्य होतं, 'मुख्य परीक्षक पतीला त्यांच्या व्यवसायात मदत करतात.' ह्यांनी पेन डाव्या हातात घेतलं, सहीच्या जागेवर न जाता वर आले, आणि 'मदत' शब्दावर आडवी रेघ मारली. रेघ वाकडी आली, म्हणून पुन्हा मारली. मग 'त्यांच्या' वरही मारली. ते पान पुन्हा लिहावं लागलं.

नमुन्याची गादी घेऊन आम्ही अकोल्याला गेलो. टेम्पोत पुढे हे आणि मी, मागे गादी. संस्थेच्या हॉलमध्ये पाच-सहा जणांचे नमुने मांडलेले होते, चकचकीत, प्लॅस्टिकमध्ये. समितीत तिघं होते. मधल्या साहेबांनी आमची गादी दाबून पाहिली, कोपरा पाहिला, कागद वाचला. मग म्हणाले, सगळं ठीक आहे, पण वसतिगृहं लवकर सुरू करायची आहेत. निविदेत आहे त्याच्या पंधरा दिवस आधी सगळा माल देणार का? बाकीच्यांनी हो म्हटलंय.

लेकीनं टेबलाखाली माझा पदर ओढला. मालक हे, उत्तर ह्यांनी द्यायचं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघत होते, शेडमध्ये गादी ओट्यावर टाकून बघतात तसे, निकालाची वाट बघत. एका 'हो'वर ह्यांची सकाळ अवलंबून होती, हे मला लख्ख दिसत होतं. आणि पंधरा दिवस कमी केले तर तिसऱ्या वसतिगृहाच्या गाद्यांत माझा हात जाणार नाही, हेही दिसत होतं.

मी म्हटलं, "नाही साहेब. तेवढ्या दिवसांत माझ्याच्यानं दोनच वसतिगृहांच्या गाद्या पाहून होतील. न पाहता मी देत नाही."

साहेबांनी ह्यांना विचारलं, मालक, तुमचं काय? हे माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हो." साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

लेकीच्या घरी जेवलो. ती पोळ्या वाढताना फक्त एवढंच म्हणाली, "आई, हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?" मी ह्यांच्या ताटातली पोळी कुस्करत राहिले. आमच्यासाठी तयार केलेली खोली तिनं दाखवली. खिडकीला नवे पडदे लावले होते तिनं. परत येताना मूर्तिजापूरपर्यंत ह्यांनी माझा हात हातात धरून ठेवला होता. ड्रायव्हर शेजारी होता तरी सोडला नाही. मी मात्र शेडला कुलूप कसं लावायचं आणि चाचांना कसं सांगायचं, याचाच विचार करत होते.

तीन आठवड्यांनी मोबाइलवर पत्र आलं. हे दुपारचे पलंगावर होते. मी वाचून दाखवलं. तीनपैकी दोन वसतिगृहांचं काम आम्हाला, तिसऱ्याचं दुसऱ्या कोणाला. शेड चालणार होतं. खाली आणखी एक ओळ होती: तपासणीची जबाबदारी मुख्य परीक्षक श्रीमती, आणि पुढे माझं पूर्ण नाव.

ह्यांनी मोबाइल मागितला. ती ओळ शोधली आणि तिच्यावर बोट ठेवलं. माझं नाव लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच, तेही मावशीनं पाठ करून दिलेलं. त्यानंतर ह्यांनी ते कधी घेतलं नाही. 'अवं' म्हटलं की मी समजायचं. बोलता येत होतं तेव्हा गरज पडली नाही आणि आता बोलणंच उरलं नव्हतं. ह्यांचे ओठ हलले. पहिलं अक्षर आलं. दुसऱ्याला वेळ लागला. कपाळावर घाम आला, मी म्हटलं राहू द्या, तर बोट उचलेनात. मग तिसरंही आलं. अख्खं नाव, माझं, स्पष्ट. ऐकल्यावर मला ओ द्यायचंही सुचलं नाही, म्हणून ह्यांनी ते पुन्हा घेतलं.